छापलं कोणी, जपलं कोणी: कृष्णवर्णीय बायकांवर कार्यक्रम करायचाय तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा दिसतोय की कॉलेजच्या वाङ्मय मंडळाचा दोन तासांचा कार्यक्रम आहे, साहित्य, कला, चळवळ तिन्हीतल्या अमेरिकन कृष्णवर्णीय स्त्रिया घ्यायच्यात, २५ नावांची यादी झालीये, प्रत्येकीचा फोटो आणि खाली एक कोट असं पोस्टर प्रदर्शन आहे, सुरुवातीला गुलामीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथच्या त्या गाजलेल्या भाषणाचं एकपात्री. आणि आता विचारताय की यादीत कोण राहिलंय आणि प्राचार्य म्हणतायत तसं 'याचा आपल्याशी काय संबंध' ते कसं दाखवायचं.

राहिलेली नावं मी अजून ५० सांगू शकते हो. अमेरिकन साहित्य शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेलीयेत, असे कार्यक्रम केलेही पुष्कळ आणि पाहिलेही पुष्कळ, त्यावरून सांगते, यादी वाढवू नका, २५ मधली निम्म्याहून जास्त नावं काढून टाका. एवढे फोटो आणि एवढे कोट एका ओळीत लावले की मुलं एक चक्कर मारतात, दोन-तीन पोस्टरांचे फोटो काढून स्टेटसला टाकतात आणि चहाकडे वळतात. आणि खरी गंमत म्हणजे सगळ्या बायका एकसारख्याच वाटायला लागतात, सगळ्या खंबीर, सगळ्या प्रेरणादायी, १७७३ ची गुलाम मुलगी आणि १९९३ ची नोबेलवाली दोघी एकाच चौकटीत, मधली सव्वादोनशे वर्षं गायब.

त्यापेक्षा एकच प्रश्न धरा आणि तो प्रत्येकीला लावा. हिचं लिहिलेलं, बोललेलं, घडवलेलं आपल्यापर्यंत पोचलं कसं? म्हणजे छापलं कोणी, 'हो हे हिचंच आहे' म्हणून सही कोणी केली, मध्ये कोणी बदललं, कुठे हरवलं आणि कोणी शोधून आणलं. आपल्याकडे अशा कार्यक्रमात निवेदक हमखास म्हणतो की या स्त्रियांना आवाज मिळाला. अहो त्या बोलतच होत्या, दोन-अडीचशे वर्षं बोलतायत, भांडण सगळं कागदाचं, छापखान्याचं आणि गोदामाचं आहे. हे एकदा लक्षात आलं की कार्यक्रम आपोआप उभा राहतो, बघा कसा.

सुरुवात फिलिस व्हीटलीपासून करा. १७६१ साली पश्चिम आफ्रिकेतून धरून आणलेली सात-आठ वर्षांची पोर बॉस्टनच्या धक्क्यावर विकली गेली, दुधाचे दात पडत होते त्यावरून वयाचा अंदाज केलेला. जहाजाचं नाव फिलिस, तेच हिला ठेवलं, आडनाव मालकाचं. त्या घरात ती इंग्रजी शिकली, लॅटिन शिकली आणि कविता लिहायला लागली. १७७३ ला तिचा संग्रह निघाला तो बॉस्टनमध्ये नाही, लंडनमध्ये, कारण बॉस्टनमध्ये पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाहीत. आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच एक दाखला छापलाय, त्यावर बॉस्टनच्या १८ बड्या लोकांची नावं, त्यात गव्हर्नर थॉमस हचिन्सन आहे, जॉन हॅनकॉक आहे, आणि मजकूर काय तर आम्ही जगाला खात्री देतो की या कविता याच नीग्रो मुलीने लिहिल्यात. कवितेच्या पुस्तकाला चारित्र्याच्या दाखल्यासारखं प्रमाणपत्र! माझं म्हणणं तिच्या कवितेच्या ओळीऐवजी पोस्टरवर हा दाखलाच मोठा करून लावा. पुढे ती गुलामीतून मोकळी झाली, दुसऱ्या संग्रहाची जाहिरातही केली पण छापायला कोणी पुढे आलं नाही, १७८४ मध्ये जेमतेम ३१ व्या वर्षी गरिबीत गेली आणि त्या दुसऱ्या संग्रहाचं हस्तलिखित आजपर्यंत सापडलेलं नाही. म्हणजे दाखल्यावर सही करायला १८ जण मिळाले आणि पुढचं पुस्तक छापायला एकही नाही.

आता तुमचं एकपात्री. इथे मला जरा थांबवायचंय तुम्हाला. 'मी बाई नाही का' हे पालुपद असलेलं जे भाषण सगळीकडे फिरतं ते सोजर्नर ट्रुथचं आहे असं आपण धरून चालतो. भाषण झालं १८५१ च्या मे महिन्यात, ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी, स्त्रियांच्या हक्कांच्या परिषदेत. तिथे हजर असलेल्या मॅरियस रॉबिन्सन नावाच्या संपादकाने तीन-चार आठवड्यांत, २१ जूनला, आपल्या गुलामीविरोधी पत्रात ते छापलं. त्यात ती म्हणते की माझ्यात कुठल्याही पुरुषाइतकी ताकद आहे, मी नांगरलंय, कापणी केलीये, लाकडं फोडलीयेत, पुरुषाची बुद्धी शेरभर आणि बाईची पावशेर म्हणता तर मग तिला तिचं पावशेर भरू द्या की, घाबरता कशाला. खट्याळ आहे, नेमकं आहे, लोकांना हसवत बोलणारं आहे. आणि त्यात ते पालुपद एकदाही नाही.

पालुपद आलं १२ वर्षांनी. १८६३ मध्ये फ्रान्सिस गेज नावाच्या गोऱ्या कार्यकर्तीने, जी त्या परिषदेची अध्यक्ष होती, आठवणीतून हे भाषण नव्याने लिहून छापलं. त्यात ते पालुपद पुन्हापुन्हा आलं, १३ मुलं विकली गेल्याचं आलं जेव्हा ट्रुथला मुलं होती पाच, सभागृह भयंकर चिडलेलं होतं असं आलं जे त्यावेळच्या बातम्यांत दिसत नाही, आणि सगळ्यात मोठं म्हणजे तिच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची म्हणून जी बोली समजली जायची ती घातली. आता ट्रुथचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला, तिची पहिली भाषा डच, नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत डचच बोलायची, दक्षिणेत ती गुलाम म्हणून कधी राहिलीच नव्हती. पण गुलाम बाई म्हणजे अशीच बोलणार असं वाचकांच्या डोक्यात होतं, त्यामुळे तेच चाललं आणि आजही तेच चालतंय, टी-शर्टवर, मगवर, आपल्या पोस्टरवर.

म्हणजे एकपात्री करू नका असं नाही. उलट डबल करा. दोन मुलींना उभं करा, एकीने १८५१ चं वाचायचं, दुसरीने १८६३ चं, आधी काहीच सांगायचं नाही, आणि वाचून झालं की प्रेक्षकांना विचारायचं खरं कुठलं वाटतं. मी वर्गात हे करते, जवळपास सगळे हात दुसऱ्याला वर जातात कारण ते नाट्यमय आहे, आणि मग तारखा सांगितल्या की वर्गात जी शांतता होते आणि मग जो वाद पेटतो ना, तो तुमच्या २५ कोट्सनी पेटणार नाही. फक्त एक करा, दुसरं मराठीत करताना ट्रुथच्या तोंडी वऱ्हाडी किंवा मालवणी घालायचा मोह आवरा, नाहीतर गेजबाईंनी केलं तेच आपण परत केलं.

आणि ट्रुथ बिचारी होती, लोकांनी तिला वापरलं, असाही सूर लावू नका. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं पण कागदाची ताकद तिला पक्की माहीत होती. १८२८ मध्ये, स्वतः नुकतीच मोकळी झालेली असताना, बेकायदेशीरपणे अलाबामाला विकलेल्या आपल्या पोराला, पीटरला, तिने कोर्टात जाऊन परत मिळवलं. १८५० मध्ये आपली जीवनकथा दुसऱ्या बाईला सांगून लिहून घेतली आणि सभांमध्ये स्वतः विकली. १८६० च्या दशकात आपला फोटो काढून घेऊन त्याची छोटी कार्डं केली, त्यावर आपल्याच नावाने कॉपीराइट घेतला, खाली ओळ छापली की असल जगवायला मी सावली विकते, सावली म्हणजे हा फोटो. त्या फोटोत ती चष्मा लावून, विणकाम घेऊन, घरंदाज बाईसारखी बसलीये. कसं दिसायचं हे तिने स्वतः ठरवलं आणि त्याचे पैसेही स्वतः घेतले. पोस्टरवर हे कार्ड लावा.

हॅरिएट जेकब्सचं मी पटकन सांगते कारण तिचं पुस्तकच मुलांना वाचायला द्यायला हवं. नॉर्थ कॅरोलायनातल्या एडेंटन गावी मालकाच्या वासनेपासून सुटायला ती आजीच्या घराच्या माळ्यावरच्या खोपटात जवळजवळ सात वर्षं लपून राहिली, जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि उंची जास्तीत जास्त तीन फूट, भोकातून खाली खेळणारी आपली पोरं बघायची. १८६१ मध्ये टोपणनावाने पुस्तक आलं, आणि पुढे शंभराहून जास्त वर्षं विद्वान मंडळी म्हणत राहिली की हे तर गोऱ्या संपादिकेनं रचलेलं दिसतंय. जीन फॅगन येलिन नावाच्या अभ्यासक बाईंनी पत्रं, नोंदी धुंडाळून हे जेकब्सचंच आहे हे सिद्ध केलं आणि १९८७ मध्ये तशी आवृत्ती काढली. व्हीटलीला जिवंतपणी १८ सह्या लागल्या, हिला मेल्यावर ९० वर्षं थांबावं लागलं.

चळवळीत एकच नाव घ्यायचं तर मी आयडा बी. वेल्स घेईन आणि तिच्यावर निदान १५ मिनिटं घालवेन. बसमधली जागा न सोडणारी रोझा पार्क्स सगळ्यांना माहीत असते, पण १८८४ मध्ये, म्हणजे रोझा पार्क्सच्या ७१ वर्षं आधी, वेल्सने रेल्वेच्या बायकांच्या डब्यातून उठायला नकार दिला, तिला ओढून काढलं तर कंडक्टरच्या हाताला चावली, कंपनीवर केस टाकली, ५०० डॉलर भरपाई जिंकली, आणि १८८७ मध्ये टेनेसीच्या वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. नंतर ती मेम्फिसमधल्या एका वर्तमानपत्राची भागीदार संपादक झाली. १८९२ च्या मार्चमध्ये तिच्या तीन ओळखीच्या माणसांना जमावाने तुरुंगातून काढून मारलं. त्यांचा गुन्हा काय, तर त्यांनी किराणा दुकान काढलं होतं आणि ते समोरच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्यावर यायला लागलं होतं. त्यातला थॉमस मॉस तर तिचा अगदी जवळचा मित्र, त्याच्या मुलीची ती धर्ममाता.

तिने लिहिलं की या गावात आपला जीव सुरक्षित नाही, सोडून चला, आणि लोक खरंच शेकड्यांनी गाव सोडून गेले, ट्रामवर बहिष्कार पडला. मग तिने एकेक प्रकरण तपासायला घेतलं आणि छापलं की लिंचिंगला जे कारण कायम देतात, गोऱ्या बाईवर बलात्कार, तो आरोपसुद्धा बहुतेक प्रकरणांत नसतो. मे महिन्यात ती बाहेरगावी असताना तिच्या वर्तमानपत्राचं ऑफिस आणि छपाईचं सामान फोडून टाकलं आणि परत आलीस तर मारू असा निरोप गेला. ती न्यूयॉर्कला राहिली. आता इथे आपला प्रश्न लावा, छापलं कोणी? ऑक्टोबर १८९२ मध्ये न्यूयॉर्क-ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय बायकांनी तिच्यासाठी सभा घेतली, ५०० डॉलर जमवले, आणि त्यातून तिची लिंचिंगवरची पहिली पुस्तिका छापली गेली. ट्रुथच्या वेळी गोरे संपादक, इथे बायकांनी आपसात वर्गणी काढली. १८९५ च्या पुढच्या पुस्तकात तिने आकडे मुद्दाम गोऱ्यांच्याच शिकागो ट्रिब्यूनचे घेतले म्हणजे अतिशयोक्ती म्हणायची सोय नाही. पत्रकारिता शिकणारी मुलं असतील तर त्यांना ही युक्ती नीट दाखवा, डेटा जर्नलिझम म्हणून आज जे शिकवतात ते ही बाई सव्वाशे वर्षांपूर्वी करत होती आणि तेही जिवावर उदार होऊन. तिचं आत्मचरित्र तिच्या हयातीत आलं नाही, मुलीने खटपट करून १९७० मध्ये छापून आणलं, तोवर वेल्सला जाऊन ३९ वर्षं झाली होती. पुलित्झरवाल्यांना तिची आठवण २०२० मध्ये आली.

कलेकडे येऊ. तुमच्या यादीत चित्रकार-शिल्पकार फक्त दोन आहेत, आणि मला वाटतं हाच भाग सगळ्यात रंगेल कारण वस्तू हरवण्याच्या गोष्टी ऐकायला कोणालाही आवडतात. एडमोनिया लुइस. वडील कृष्णवर्णीय, आई ओजिब्वे आदिवासी. कॉलेजात तिच्यावर दोन गोऱ्या मुलींना विष घातल्याचा आळ आला, जमावाने बेदम मारलं, कोर्टात निर्दोष सुटली. बॉस्टनला जाऊन मातीचे छोटे पुतळे विकून पैसे जमवले आणि रोमला गेली, तिथे संगमरवर स्वतः कोरायची, मदतनीस कारागिरांवर फारसं सोपवायची नाही कारण मग लोक म्हणणार काम हिचं नव्हेच. परत तीच सहीची भानगड बघा. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या मोठ्या प्रदर्शनात तिने मरणाऱ्या क्लिओपात्राचा पुतळा मांडला, दीड टनाच्या आसपास वजन, सिंहासनावर मान टाकलेली राणी, तेव्हा लोक अक्षरशः हबकले होते, क्लिओपात्रा सगळे जण मरणाआधी विचारात पडलेली सुंदर दाखवायचे आणि हिने सरळ मेलेली दाखवली.

पुतळा विकला गेला नाही. एवढं धूड रोमला परत नेणार कसं, तो शिकागोत गोदामात पडला, मग एका दारूच्या दुकानात होता, मग एका जुगारी माणसाने तो घेतला आणि आपल्या लाडक्या घोडीच्या थडग्यावर बसवला, कारण घोडीचं नाव क्लिओपात्रा! रेसकोर्सवर. रेसकोर्सचं पुढे गोल्फचं मैदान झालं, महायुद्धात तिथे दारूगोळ्याचा कारखाना आला, पुतळा तिथेच ऊन-पाऊस खात. ७० च्या दशकात उचलून एका कंत्राटदाराच्या यार्डात टाकला, तिथे एका अग्निशमन निरीक्षकाला तो दिसला, त्याला तो आवडला म्हणून त्याने स्काउटच्या पोरांकडून त्याला साफ करून चक्क रंग लावून घेतला. पोरांनी प्रेमानेच लावला असणार, पण संगमरवराला! शेवटी मॅरिलिन रिचर्डसन नावाच्या अभ्यासक बाई लुइसचा माग काढत तिथे पोचल्या आणि १९९४ पासून तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ही गोष्ट नकाशावर रेघ काढून दाखवली तर एक अख्खा पॅनल होतो, आणि मी तर म्हणेन लुइसचं एकही वाक्य न छापता होतो.

तिच्याच जवळ हॅरिएट पॉवर्स ठेवा, जॉर्जियात गुलामीत जन्मलेली, तिने बायबलमधल्या गोष्टींची गोधडी शिवली, आपल्या आज्या जुन्या लुगड्यांची शिवायच्या तशीच पण कापडाची माणसं, प्राणी, सूर्य-चंद्र कापून लावलेली. १८८६ च्या जत्रेत एका गोऱ्या चित्रकला शिक्षिकेने ती मागितली, पॉवर्सने दिली नाही. १८९१ मध्ये घरची ओढाताण इतकी झाली की १० डॉलर मागितले आणि ५ वर द्यावी लागली. नंतर ती अधूनमधून आपली गोधडी बघायला त्या बाईंकडे जायची. त्या शिक्षिकेने पॉवर्सने सांगितलेला प्रत्येक चौकोनाचा अर्थ लिहून ठेवला म्हणून आज आपल्याला तो कळतो, आणि गोधडीही आज स्मिथसोनियनमध्येच. या शिक्षिकेला खलनायिका करून टाकायची घाई करू नका, पाच डॉलरला घेतली हेही खरं आणि लिहून ठेवलं हेही खरं.

आणि मग थेट फेथ रिंगगोल्ड. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातली चित्रकार, २०२४ मध्ये ९३ व्या वर्षी वारली. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियमसमोर बायकांना प्रदर्शनात अर्धी जागा द्या म्हणून आंदोलन करणाऱ्यांत ती होती. तिला आत्मचरित्र छापायचं होतं, कोणी छापेना, तर तिने गोष्ट गोधडीवरच लिहायला सुरुवात केली, चित्र मध्ये आणि कडेने मजकूर. पहिली गोधडी १९८० मध्ये आईबरोबर केली, आई शिवणकामातली पक्की, फॅशन डिझायनर. म्हणजे बघा, प्रकाशकांनी दार बंद केलं तर हिने प्रकाशनच भिंतीवर टांगलं. आत्मचरित्र आलं १९९५ मध्ये.

साहित्यात झोरा नील हर्स्टन घेतलीच असेल तुम्ही. तिची कादंबरी १९३७ ची, हैतीत सात आठवड्यांत लिहिलेली, आणि त्यावर तिच्याच समाजातल्या बड्या लेखकाने, रिचर्ड राइटने, झोड उठवली की यात काही विचारच नाही, गोऱ्या वाचकांची करमणूक आहे. हा मुद्दा मुलांना जरूर सांगा, दार बंद करणारे नेहमी बाहेरचेच असतात असं नाही. हर्स्टन मानववंशशास्त्र शिकलेली, फ्रान्झ बोआझची विद्यार्थिनी, फ्लोरिडातल्या गावगप्पा, लोककथा तिने गोळा केल्या. अमेरिकेत आणलेल्या शेवटच्या गुलाम जहाजावरच्या एका म्हाताऱ्याची तिने मुलाखत घेऊन पुस्तक केलं तर प्रकाशक म्हणाले त्याची बोली काढा, तिने काढली नाही, ते पुस्तक ८० हून जास्त वर्षं पडून राहून २०१८ मध्ये छापलं गेलं. ट्रुथच्या तोंडी खोटी बोली घातली ती चालली आणि या माणसाची खरी बोली मात्र चालेना, हे दोन शेजारी लावलेत तर काही समजावून सांगायची गरजच नाही.

१९६० मध्ये ती सरकारी आश्रमात वारली, लोकांनी वर्गणी काढून पुरली, थडग्यावर नाव नाही. तिचे कागद जाळायला काढले होते, ओळखीचा एक पोलीस डेप्युटी तिथून जाताना त्याने आग विझवून वाचवले. १९७३ मध्ये अ‍ॅलिस वॉकर, तेव्हा तरुण लेखिका, मी हर्स्टनची भाची असं खोटं सांगत फ्लोरिडात गेली, गुडघाभर गवतात थडगं शोधलं आणि अंदाजाने एका खड्ड्यावर दगड बसवला, त्यावर जन्मसाल मात्र चुकलं, १९०१ कोरलंय, खरं १८९१. यात वॉकरचा फार दोष नाही, हर्स्टननेच शाळेत प्रवेश मिळावा म्हणून वय १० वर्षांनी कमी सांगितलं होतं आणि ते आयुष्यभर चालवलं. वॉकरने १९७५ मध्ये लेख लिहिला, १९७७ मध्ये चरित्र आलं, १९७८ मध्ये कादंबरी परत छापली गेली आणि आता तर ती अभ्यासक्रमात असते.

टोनी मॉरिसनला नोबेलवाली म्हणून सगळे लावतात, तुम्ही संपादक म्हणून लावा. रँडम हाउस या बड्या प्रकाशनात ती १९८३ पर्यंत नोकरी करत होती, तिथे बसून तिने टोनी केड बाम्बारा, गेल जोन्स, अँजेला डेव्हिस यांची पुस्तकं काढली, आणि स्वतःचं लिखाण पहाटे, मुलं उठायच्या आत. १९७४ मध्ये जुनी कात्रणं, जाहिराती, फोटो असलेलं एक जाडजूड पुस्तक तिने संपादित केलं, त्यातल्या एका कात्रणात मार्गारेट गार्नर होती, पळून जाताना पकडली गेल्यावर पोर परत गुलामीत जाऊ नये म्हणून तिने मुलीचा जीव घेतला. त्याच कात्रणातून पुढे तिची १९८७ ची कादंबरी आली.

आणि १९८० मध्ये बार्बरा स्मिथ, ऑड्री लॉर्ड आणि इतर मैत्रिणींनी स्वतःचंच प्रकाशन काढलं, नाव ठेवलं किचन टेबल, कारण बायकांची कामं आणि बोलणी तिथेच होतात. स्मिथ त्याआधी बॉस्टनच्या कोम्बाही रिव्हर या कृष्णवर्णीय स्त्रीवादी गटात होती, ज्यांचं १९७७ चं निवेदन आज जगभर शिकवतात. पण निवेदनापेक्षा मला त्यांचं दुसरं काम जास्त दाखवावंसं वाटतं. १९७९ च्या पहिल्या काही महिन्यांत बॉस्टनमध्ये एकामागून एक १२ कृष्णवर्णीय बायकांचे खून झाले, पेपरवाले आतल्या पानावर चार ओळी देत होते, पोलीस सांगत होते बायकांनी घरात बसावं. या गटाने पत्रक छापलं, शीर्षक 'सहा कृष्णवर्णीय बायका: त्या का मेल्या?', आणि खून होत राहिले तसा तो आकडा खोडून नवा घालत पत्रक हजारोंनी वाटलं. सगळ्या प्रदर्शनात जर एकच वस्तू ठेवायची वेळ आली तर मी ते पत्रक ठेवीन.

मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या फॅनी लू हेमरचा व्हिडिओ मिळाला तर लावा, २२ ऑगस्ट १९६४, मतदार नोंदणीच्या प्रशिक्षणाहून परत येताना पकडून तुरुंगात कसं मारलं ते ती डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीसमोर सांगतेय आणि तिकडे अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली म्हणजे कॅमेरे तिकडे वळावेत. वळलेही. पण रात्री बातम्यांत तिची साक्ष परत दाखवली आणि दुपारपेक्षा जास्त लोकांनी बघितली. आठ मिनिटांचा तुकडा आहे, सबटायटल नसले तरी चालतं.

आता प्राचार्यांचा प्रश्न. ओढूनताणून जोडू नका, जात आणि वंश एकच असं एका वाक्यात म्हणून मोकळंही होऊ नका, पण खरे धागे आहेत ते लावा. जोतीरावांनी १८७३ चं 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या लोकांना अर्पण केलं, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर संघटनेवरून नाव घेऊन, हे पाठ्यपुस्तकातलं झालं. त्यापेक्षा वरचाच प्रश्न इकडे लावा. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो १८५५ मध्ये ज्ञानोदयात आला, म्हणजे जेकब्सच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधी. छापला कोणी, मिशनऱ्यांच्या पत्राने. बेबी कांबळेंनी फलटणला दुकानात बसून 'जिणं आमुचं' लिहिलं, घरच्यांपासून वर्षानुवर्षं लपवून, आणि ते बाहेर आलं १९८० च्या दशकात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या आठवणी गोळा केल्या, १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' आलं, वॉकर गवतात शिरली त्यानंतर १६ वर्षांनी आणि जवळपास त्याच कामासाठी. या चौघींचा एक पॅनल करा, भाषांतराची गरज नाही, मुलं थेट वाचतील, आणि मुलींना सांगा की आपापल्या घरच्या, वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांचं मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा, नाव, तारीख, गाव फाइलवर नीट लिहून. कॉलेजच्या लायब्ररीत एक हार्ड डिस्क ठेवायला किती खर्च येतो, प्राचार्यांना तेवढं मागून बघा.

राहिलं वेळेचं आणि हक्कांचं. व्हीटली, ट्रुथची जीवनकथा, जेकब्स, वेल्सच्या पुस्तिका हे सगळं जुनं, कॉपीराइट संपलेलं, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या वेबसाइटवर फुकट आहे, हवं तेवढं भाषांतर करा, हवं तेवढं छापा. मॉरिसन, लॉर्ड, वॉकर यांचं तसं नाही, त्यांचं स्टेजवर थोडकं वाचा पण पानंच्या पानं भाषांतर करून स्मरणिकेत छापू नका. वेळ अशी धरा: ट्रुथची दोन वाचनं आणि त्यावरचा वाद अर्धा तास, वेल्स १५ मिनिटं, लुइस आणि गोधड्या स्लाइडवर २० मिनिटं, हर्स्टन-मॉरिसन १५, हेमर ८, उरलेला वेळ आपल्याकडचा पॅनल आणि प्रश्न. पाहुण्यांचं स्वागत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ यात ४० मिनिटं जातात ती आधीच बोलून १० वर आणा, ते जमलं नाही तर हेमर गाळा पण ट्रुथचा वाद कापू नका. आणि १८५१ चं वाचन पहिल्यांदाच वाचणाऱ्या मुलीला द्या, नाटकातल्या मुलीला दिलंत तर ती त्याचं १८६३ करून टाकेल.